अबू तालिब यांच्या ईमानाचा प्रश्न आणि आपला अदब

मोहर्रमच्या दिवसांत सांगली जिल्ह्यातील कडेगावचे उंच ताबूत पाहण्यासाठी सातारा, कराड, विटा या भागांतून माणसे लोटतात. ताबूत उभारण्यात आणि खांद्यावर वाहण्यात तेथे हिंदू आणि मुस्लिम दोघांचाही वाटा असतो. ताबुतांच्या प्रथेविषयी उलेमांची मते वेगवेगळी आहेत. तो आजचा विषय नाही. आजचा विषय त्या दिवसांत मकतबमधील एका मुलाने विचारलेला प्रश्न आहे. तो म्हणाला, "मौलाना, ज्या इमाम हुसैन यांची आठवण सारा गाव काढतो, त्यांचे आजोबा मुसलमान नव्हते का?"

चौकशी केली तेव्हा कळले, की मोबाइलवर ऐकलेल्या दोन भाषणांवरून त्याच्या घरात वडील आणि काका यांच्यात वाद झाला आणि महिनाभर अबोला होता. काका आता पुतण्याशीही बोलत नव्हते. एका चुलत्याने आपल्या पुतण्यासाठी आयुष्य वेचले. त्याच्याविषयी वाद घालताना दुसऱ्या चुलत्याने पुतण्याशी बोलणे टाकले. म्हणून हा विषय कुटुंबात बसून, शांतपणे समजून घेण्याची गरज आहे.

प्रथम निर्विवाद गोष्टी पाहू. प्रेषित मुहम्मद (स.) आठ वर्षांचे असताना आजोबा अब्दुल मुत्तलिब यांचे निधन झाले आणि त्यांचा सांभाळ चुलते अबू तालिब यांनी केला. नबुव्वत मिळाल्यानंतर कुरैशचे सरदार पुन्हा पुन्हा तक्रार घेऊन आले. एकदा तर त्यांनी उमारा बिन वलीद या देखण्या तरुणाला पुढे करून म्हटले, की याला मुलगा म्हणून ठेवून घ्या आणि पुतण्याला आमच्या हवाली करा. अबू तालिब यांनी हा सौदा धुडकावला. पुढे कुरैशने बनू हाशिमवर बहिष्कार टाकला. सुमारे तीन वर्षे हे कुटुंब एका घळीत कोंडले गेले. झाडाची पाने खाण्याची वेळ आली. रात्री पुतण्याची झोपण्याची जागा बदलून तेथे ते आपल्या मुलाला झोपवीत, असेही सीरतच्या ग्रंथांत येते. अबू लहबसुद्धा चुलताच होता, रक्त तेच होते; पण तो बहिष्कार टाकणाऱ्यांच्या बाजूला उभा राहिला. नबुव्वतच्या दहाव्या वर्षी, म्हणजे सुमारे इ.स. 619 मध्ये, अबू तालिब आणि ह. खदीजा (रजि.) यांचे निधन झाले. ते वर्ष 'दुःखाचे वर्ष' म्हणून ओळखले जाते.

आता वादाकडे वळू. अहले सुन्नतच्या बहुसंख्य उलेमांचे मत असे, की अबू तालिब यांनी कलिमा उच्चारला नाही. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ह. मुसय्यब (रजि.) यांची हदीस आहे. मृत्युशय्येपाशी प्रेषितांनी (स.) चुलत्यांना कलिमा म्हणण्याची विनवणी केली, अबू जहल आणि अब्दुल्लाह बिन अबी उमय्या तेथेच बसून त्यांना वडिलांच्या धर्माची आठवण देत राहिले, अखेर त्यांनी आपण अब्दुल मुत्तलिब यांच्या धर्मावर असल्याचे सांगितले. सूरह कसस, आयत 56 याच प्रसंगाशी जोडली जाते. तिचा आशय असा, की आपले प्रेम ज्यावर आहे त्याला हिदायत देणे प्रेषितांच्याही हाती नाही. ते अल्लाहच्या हाती आहे. दुसऱ्या हदीसमध्ये ह. अब्बास (रजि.) यांनी अबू तालिब यांच्याविषयी विचारल्यावर त्यांची शिक्षा सौम्य असल्याचे प्रेषितांनी (स.) सांगितले. वारसाचा दाखलाही दिला जातो : अकील आणि तालिब यांना वारसा मिळाला, ह. जाफर आणि ह. अली (रजि.) यांना मिळाला नाही, कारण ते मुसलमान होते.

शिया उलेमांचे मत याच्या नेमके उलट आहे. ते म्हणतात, अबू तालिब मोमिन होते. पुतण्याचे रक्षण करता यावे म्हणून त्यांनी ईमान झाकून ठेवले, जसे फिरऔनच्या दरबारातील मोमिनाने ठेवले होते. त्याचा उल्लेख सूरह मोमिन, आयत 28 मध्ये आहे. मृत्युशय्येच्या प्रसंगी ह. मुसय्यब मुसलमान नव्हते, याकडे ते लक्ष वेधतात. अनेकेश्वरवाद्यांसाठी क्षमायाचना करण्यास मनाई करणारी सूरह तौबाची आयत 113 याच प्रसंगाशी जोडली जाते. पण ती सूरह तर मदीनेत, फार नंतर उतरली, असे ते विचारतात. अबू तालिब यांच्या कवितांचाही ते आधार घेतात. सुन्नी उलेमांतही मक्केचे मुफ्ती अहमद झैनी दहलान (मृत्यू 1886) यांनी अबू तालिब यांच्या मुक्तीच्या बाजूने पुस्तक लिहिले. तर मौलाना अहमद रझा खान यांनी बहुसंख्यांच्या मताच्या समर्थनार्थ स्वतंत्र पुस्तिका लिहिली. वाद जुना आहे, आणि दोन्ही बाजूंना अभ्यासू माणसे आहेत.

पहिल्या बाजूची उत्तरेही ऐकावीत. एका सहाबीने दुसऱ्याकडून ऐकून सांगितलेली हदीस मुहद्दिस स्वीकारतात. क्षमायाचना मनाईची आयत येईपर्यंत चालू राहिली असेल, तर काळाची अडचण उरत नाही. इब्ने इसहाक यांच्या सीरतमध्ये ह. अब्बास यांनी शेवटी ओठ हलताना पाहिल्याचे येते, पण त्या रिवायतीच्या साखळीत एक निवेदक अनाम आहे आणि आपण ते ऐकले नाही, असे प्रेषितांचे (स.) उत्तर तिच्यातच आहे. कवितांविषयी इब्ने हिशाम यांनीच नोंदवले आहे, की काव्याचे जाणकार त्यांतील बऱ्याच ओळी अस्सल मानत नाहीत. संतांच्या गाथांतील प्रक्षिप्त अभंगांची चर्चा ज्यांनी वाचली आहे, त्यांना ही अडचण सहज कळेल.

माझा कल बुखारी आणि मुस्लिमच्या हदीसांकडे, म्हणजे बहुसंख्य उलेमांच्या मताकडे आहे. तो लपवण्याचे कारण नाही. पण या मताबरोबर तीन जबाबदाऱ्या येतात.

पहिली, जिभेची. मुफस्सिर आलूसी यांनी या आयतीखाली बजावले आहे, की ईमान न मानणाऱ्यानेही अबू तालिब यांना वाईट बोलू नये, त्यांच्या वंशजांना त्याने यातना होतात, आणि कदाचित प्रेषितांनाही (स.). नमाजच्या अटींत किंवा ईमानाच्या सहा बाबींत हा प्रश्न नाही. कबरीत तो आपल्याला विचारला जाणार नाही. भावाशी अबोला का धरला, याचा हिशेब मात्र द्यावा लागेल.

दुसरी, नम्रतेची. जगातील सर्वांत प्रिय माणूस उशाशी बसून विनवणी करीत होता, तरी निर्णय अल्लाहचाच राहिला. मग आपला मुलगा नमाजला येत नाही म्हणून त्याला टाकून बोलणाऱ्या बापाने काय समजावे? सांगणे, समजावणे, दुआ करणे आपल्याकडे. हृदय फिरवणे अल्लाहकडे.

तिसरी, कृतज्ञतेची. ताइफहून परतताना मुतइम बिन अदी यांनी प्रेषितांना (स.) मक्केत संरक्षण दिले. ते मुसलमान झाले नाहीत. तरी बद्रनंतर प्रेषित (स.) म्हणाले, की मुतइम हयात असते आणि या कैद्यांसाठी त्यांनी शब्द टाकला असता, तर मी सर्वांना सोडले असते. ही हदीस बुखारीत आहे. अकीदा वेगळा असल्याने उपकार पुसला जात नाही, हे यातून स्पष्ट होते. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेचे पाणी सांगलीत शिरले, तेव्हा पुरातून बाहेर काढणाऱ्या हाताचा धर्म कोणी विचारला नव्हता. मग पाणी ओसरल्यावर तो हात विसरणे कोणत्या अकीद्यात बसते?

त्या मुलाला मी एवढेच सांगितले : "बाळा, अबू तालिब यांचा हिशेब अल्लाहकडे आहे. त्यांनी आपल्या नबीसाठी उपास काढले, हे मात्र आपल्याला ठाऊक आहे. त्यांचे नाव आदराने घे. आणि आज घरी गेल्यावर काकांना आधी सलाम तू कर."

अल्लाह आपल्या सर्वांना हिदायतवर कायम ठेवो आणि आपल्या घरांतील अबोले मिटवो. आमीन.