कपाशी पाते-फुलांवर आली, आता कामगंध सापळ्यांकडे रोज लक्ष द्या

जूनमध्ये लागवड झालेली कपाशी जुलैअखेर पाते धरू लागते आणि गुलाबी बोंडअळीचे पतंग शेतात फिरू लागतात. अंड्यातून निघालेली अळी लवकरच पात्यात किंवा बोंडात शिरते, आत शिरल्याचे छिद्रही बुजते. मग वरून कितीही फवारा, औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून अळी दिसण्याआधी पतंग मोजले पाहिजेत. त्यासाठी पतंगाचे नाक कसे चालते, हे समजून घेऊ.

मादी पतंग रात्री दोन घटकांचा कामगंध हवेत सोडते. नराच्या मिशांवर अतिसूक्ष्म केस असतात आणि त्या केसांना छिद्रे असतात. कामगंध तेलकट, तर केसांच्या आतला द्रव पाणीदार. त्यामुळे तो आपोआप आत पसरत नाही. त्या द्रवातील गंधवाहक प्रथिने कामगंधाचा रेणू आपल्या पोकळीत धरतात आणि चेतापेशीवरील ग्राहक प्रथिनापर्यंत पोचवतात. काम झालेला गंध विकरे मोडून टाकतात, म्हणूनच नराला गंधाचा पुढचा झोत पुन्हा कळतो. असे गंधवाहक प्रथिन १९८१ मध्ये प्रथम सापडले ते एका अमेरिकन रेशीम पतंगात. गडचिरोली-भंडाऱ्याच्या टसर पतंगाचा तो जवळचा नातेवाईक.

ही ग्राहक प्रथिने फार चोखंदळ असतात. सापळ्यातील ल्युरमध्ये, म्हणजे गंधाच्या आमिषात, गुलाबी बोंडअळीच्याच मादीचा गंध असतो, म्हणून त्यात तिचेच नर येतात. मधमाशी किंवा मित्रकीटक त्याकडे ओढले जात नाहीत. गंध शिळा झाला किंवा त्यात दुसरा मिसळला, तर मात्र सापळा खोटी माहिती देतो.

काय करावे?

• लागवडीनंतर ४५ दिवसांनी एकरी २ (हेक्टरी ५) सापळे लावा. सापळा पिकाच्या शेंड्यापासून सुमारे एक फूट उंच ठेवा आणि पीक वाढेल तसा वर सरकवा.
• एका सापळ्यात एकच ल्युर लावा. अमेरिकन बोंडअळीचे ल्युर त्यात घालू नका.
• तंबाखू, तेल किंवा कीटकनाशक लागलेल्या हाताने ल्युर धरू नका. ते पाकिटावर दिलेल्या मुदतीत, साधारण तीन ते चार आठवड्यांनी बदला. जुने ल्युर शेतात टाकू नका.
• रोज सकाळी सापळ्याच्या पिशवीचे तोंड सोडून पतंग मोजा, आकडा वहीत लिहा आणि पिशवी रिकामी करा.

फवारणी केव्हा?

सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात सरासरी ८ किंवा अधिक पतंग आले, तर ती धोक्याची पातळी समजा. सापळ्यात फक्त नर येतात, म्हणून झाडेही तपासा. पाकळ्या जाळीने चिकटून मिटलेली फुले, म्हणजे डोमकळ्या, अळीसकट वेचून नष्ट करा. एकरातून वेगवेगळ्या झाडांची २० हिरवी बोंडे फोडा. त्यांतील २ बोंडांत अळी आढळली, तर नुकसान १० टक्क्यांवर पोचले आहे.

सुरुवातीला ५ टक्के निंबोळी अर्क फवारा. पातळी ओलांडल्यावर कृषी विद्यापीठाने शिफारस केलेले कीटकनाशक लेबलवरील मात्रेत घ्या, एकच औषध पुन्हा पुन्हा वापरू नका. गावातील सगळ्यांनी एकाच वेळी सापळे लावले, तर कुठल्या शिवारात पतंग वाढताहेत ते लवकर कळते. हंगाम संपताच फरदड न घेता पऱ्हाटी काढून टाका, म्हणजे पुढच्या वर्षीच्या पतंगांची सोय होणार नाही.