कोकरा आणि कमरेचा रुमाल



मंडळीच्या सेवेसाठी लवकरच बाहेर पडणाऱ्या तरुणाने पवित्र सप्ताहात बलिदानावर प्रवचन करण्यापूर्वी निर्गमाचा 12 वा अध्याय आणि योहानकृत शुभवर्तमानाचा 13 वा अध्याय एकापाठोपाठ एक वाचावेत. कारण व्यासपीठावरून बलिदान आणि सेवा यांची जेवढी फारकत केली जाते तेवढी शास्त्रात कोठेही आढळत नाही.

वल्हांडण म्हणजे इस्राएल लोकांच्या मिसर देशातील दास्यातून झालेल्या सुटकेचा सण. महिन्याच्या 10 व्या दिवशी एक वर्षाचा निर्दोष नर कोकरा निवडावा, 14 व्या दिवसापर्यंत तो राखून ठेवावा, त्या संध्याकाळी त्याचा वध करून रक्त दाराच्या दोन्ही बाह्यांना व कपाळपट्टीला लावावे आणि विस्तवावर भाजलेले मांस बेखमीर, म्हणजे आंबवण न घातलेल्या, भाकरीबरोबर व कडू भाजीबरोबर खावे, तेही कमर कसून, पायात जोडे आणि हातात काठी घेऊन, असा तो विधी आहे. याच विधीतील एका सूचनेकडे प्रवचनकारांचे सहसा लक्ष जात नाही, आणि ते जावे अशी फार इच्छा आहे: घरातली माणसे थोडी असून एक कोकरा त्यांना जास्त होणार असेल, तर शेजारच्या कुटुंबाला बरोबर घ्यावे आणि प्रत्येक जण किती खाईल याचा अंदाज बांधावा. त्या रात्री मिसरावर येणारा मृत्यू दाराबाहेर असतानाही शेजाऱ्याच्या भुकेचा हिशेब करणे हा त्या आज्ञेचाच भाग होता.

हा सण प्रथम यहुदी लोकांचा आहे, हे ख्रिस्ती उपदेशकाने कधीही विसरू नये. इ. स. 70 मध्ये यरुशलेमचे मंदिर पडल्यावर तेथील कोकऱ्यांचे यज्ञ थांबले, तरी घरोघरचे वल्हांडणाचे भोजन आजतागायत चालू आहे. त्या रात्री वाचावयाच्या हग्गादा या ग्रंथाची मराठी भाषांतरासह आवृत्ती 1874 मध्ये पुण्यात छापली गेली, कारण कोकणातून आलेल्या बेने इस्राएल या यहुदी समाजाची बोली मराठीच होती. दुसऱ्याच्या जिवंत श्रद्धेला केवळ आपल्या श्रद्धेची पूर्वतयारी समजणे हा नम्रतेचा अभाव आहे.

ख्रिस्ती परंपरेने येशूला वल्हांडणाचा कोकरा म्हटले ते पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रापासून, आणि योहानाने तर वधस्तंभाचा दिवस वल्हांडणाच्या तयारीचाच सांगून, येशूचे एकही हाड मोडले गेले नाही ही गोष्ट कोकऱ्याविषयीच्या नियमाशी जोडून दाखवली आहे. मात्र याच योहानाने शेवटच्या भोजनाच्या वर्णनात भाकर व प्याला यांच्या स्थापनेचा वृत्तांत दिलेला नाही. तेथे त्याने पाय धुण्याचा प्रसंग ठेवला आहे. गुरू भोजनावरून उठतो, बाह्यवस्त्र काढून ठेवतो, कमरेला रुमाल बांधतो, गंगाळात पाणी ओततो आणि एकेकाचे पाय धुऊन त्याच रुमालाने पुसतो. धुळीच्या वाटेवर चपला घालून आलेल्या माणसांचे पाय धुणे हे त्या काळी घरातील अगदी खालच्या दासाचे काम होते. जो दुसऱ्या दिवशी प्राण देणार आहे तो आदल्या रात्री हे काम टाळत नाही, आणि त्याला धरून देणारा शिष्य यहूदा अजून उठून गेलेला नसल्यामुळे त्याचेही पाय त्या पाण्याने धुतले जातात.

या प्रसंगातील पेत्र या शिष्याचा नकार विशेष विचार करण्याजोगा आहे. गुरूने आपले पाय धुवावेत हे त्याला सहन होत नाही, आणि तो नकार आदरातून आलेला असला तरी येशू तो स्वीकारत नाही. सेवा करणाऱ्याला दुसऱ्याकडून सेवा घेण्याचा संकोच वाटू लागला, की त्याची सेवा हळूहळू उपकारात बदलते आणि समोरच्या माणसाला कायमचे ऋणी करून ठेवते. तरुण सेवकांच्या बाबतीत आळसापेक्षाही हा धोका मोठा मानावा लागतो. गरिबाने पुढे केलेला चहा नाकारू नये, आजारपणात मंडळीने केलेली शुश्रूषा आनंदाने घ्यावी.

मराठी ख्रिस्ती जीवनात पाय धुण्यासारख्या नम्र सेवेचे उदाहरण शोधावयास दूर जावे लागत नाही. कोलकात्याच्या विद्वानांनी 1878 मध्ये ज्यांना पंडिता व सरस्वती या पदव्यांनी गौरवले, त्या रमाबाईंनी 1896-97 च्या दुष्काळात उपासमारीने खंगलेल्या मुलींना व विधवांना केडगावला आणून सांभाळले. त्यांची विद्वत्ता त्या कामात वाया गेली असे म्हणणाऱ्याला योहानाचा 13 वा अध्याय समजलेलाच नाही.

पवित्र गुरुवारी उपासनेत पाय धुण्याचा विधी अनेक मंडळ्यांत होतो आणि तो व्हावाच; परंतु त्या विधीसाठी निवडलेली माणसे बहुधा घरूनच स्वच्छ पाय धुऊन येतात, हेही ध्यानात असावे. यास्तव पहिल्या नेमणुकीच्या गावी पोहोचताच अंथरुणाला खिळलेल्या, एकट्या राहणाऱ्या आणि मंडळीशी भांडून दूर गेलेल्या माणसांची नावे वडीलधाऱ्यांकडून लिहून घ्यावीत, त्यांच्या घरी जाऊन यावे आणि मगच उत्तम शुक्रवारच्या प्रवचनासाठी लेखणी हाती घ्यावी, एवढीच या पत्राची कळकळीची विनंती आहे.