हत्तीला कोपऱ्यात बसवू नकोस

अगं, कालपासून तू गप्प आहेस. आईला वाटतंय स्पर्धेची दगदग झाली. मला खरं कारण माहीत आहे, कारण तुझ्या बॅगेतली स्कोअरशीट मी बाहेर काढली आणि रात्री सगळा डाव पटावर मांडून पाहिला. न विचारता केलं, रागावू नकोस.

एकतिसाव्या चालीला तुझं प्यादं गेलं. ते नजरचुकीने गेलं, त्यावर मी काही बोलणार नाही. मला लागल्या त्या पुढच्या चौदा चाली. ए ७ चं प्यादं वाचवायला तू हत्ती ए ८ वर नेऊन बसवलास आणि तो तिथून हललाच नाही. राजा नुसता जी ८, एच ८, पुन्हा जी ८. तोवर समोरचीचा राजा सावकाश चालत पटाच्या मधोमध आला. तिला घाई नव्हती, कारण तिला अडवणारं कुणी नव्हतंच.

असं मीही केलंय गं. तुझ्याच वयाची असताना एक सबंध दुपार मी एका प्याद्याची राखण करत बसले होते आणि शेवटी त्या प्याद्यासकट डाव गेला. घरी येऊन म्हणाले, "मी खूप झुंजले." झुंजले कुठे? मी तर नुसती वाट पाहत होते.

आता तो हत्ती सी ८ वरून सी २ वर गेला असता तर बघ. ए ७ गेलं असतं, हो. पण बी २ चं प्यादं लगेच परत मिळत होतं आणि एफ २ सांभाळायला तिच्या राजाला घरीच थांबावं लागलं असतं. डाव वाचलाच असता असं मी म्हणत नाही. कदाचित तरीही गेला असता. पण तिला प्रत्येक चालीला विचार करावा लागला असता, आणि तिच्या घड्याळात तेव्हा तुझ्यापेक्षा कमी मिनिटं होती. हे तू तिथेच लिहून ठेवलंयस.

१९२४ सालचा न्यू यॉर्कचा एक डाव तुला दाखवायचा आहे. कापाब्लांका तेव्हा जगज्जेता होता, समोर काळी मोहरी घेऊन तार्ताकोवर. हत्तींचा एंडगेम. तार्ताकोवरचा हत्ती प्यादी खायला निघाला होता. आपण काय केलं असतं? प्याद्यांभोवती राखण. कापाब्लांकाने राजा पुढे काढला. सी ३ चं प्यादं गेलं, तेही शह खाऊन. मग एफ ४ चं गेलं, पुन्हा शह. राजा मात्र जी ३, एच ४, जी ५ असा चालतच राहिला आणि एफ ६ वर जाऊन उभा राहिला. तिथून राजा, हत्ती आणि जी ६ वर पोचलेलं प्यादं अशा तिघांनी काळ्या राजाची कोंडी केली. आणि मला सगळ्यात आवडतं ते हे की एफ ५ चं काळं प्यादं त्याने खाल्लंच नाही. त्याच्या आडोशाला राजा उभा केला, म्हणजे मागून शह बसायला नको. आधी दोन प्यादी दिली होती, ती पुढे व्याजासकट वसूल झाली. तो डाव त्याने जिंकला.

उलटं उदाहरणही मनात ठेव. २०२४ च्या डिसेंबरात सिंगापूरला गुकेश आणि डिंग लिरेन यांच्यातल्या जगज्जेतेपदाच्या लढतीतला शेवटचा, चौदावा डाव. गुण ६.५–६.५ असे बरोबरीत होते. डिंगकडे एक प्यादं कमी होतं, तरी डाव बरोबरीत सुटण्यासारखा होता. पण त्याचा उंट ए ८ च्या कोपऱ्यात अडकलेला. पंचावन्नाव्या चालीला त्याने हत्ती एफ २ वर आणून हत्तींची अदलाबदल देऊ केली. गुकेशने हत्ती मारला आणि उंट डी ५ वर आणला. कोपऱ्यातल्या उंटाला पळायला जागाच नव्हती, उंटही बदलले जाणार, आणि नुसत्या राजा-प्याद्यांच्या लढाईत एक प्यादं जास्त असणारा जिंकणार. तीन चालींनंतर डिंगने डाव सोडला. म्हणून मी तुझ्यामागे लागते : मागे असशील तेव्हा प्यादी बदलत जा, मोहरी नको. शेवटचा हत्ती तर जिवापाड जप.

आणि एकटा राजासुद्धा किती काम करतो, ते रेती या बुद्धिबळपटूच्या १९२१ च्या रचनेत बघ. आज रात्री झोपण्याआधी मांड. पांढरा राजा एच ८, पांढरं प्यादं सी ६. काळा राजा ए ६, काळं प्यादं एच ५. चाल पांढऱ्याची. काळं प्यादं धावत सुटणार आणि पांढरा राजा दोन चाली मागे. पांढरं प्यादं काळ्या राजाच्या तोंडाशी. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी म्हटलं होतं, संपलं. पण राजा तिरका चालतो : जी ७, एफ ६, ई ५. त्या एकेका पावलाने तो एच-पट्टीतल्या प्याद्याच्याही जवळ जातो आणि स्वतःच्या प्याद्याच्याही. काळ्याने सी ६ खाल्लं तर राजा एफ ४ वर येऊन पळतं प्यादं गाठतो. काळ्याने प्यादं पुढे रेटलं तर राजा डी ६ वर जातो आणि मग दोघांचेही वजीर होतात. दोन्हीकडे बरोबरी! मोहरी हलवून, स्वतःच्या हाताने कर. पुस्तकात वाचून ते अंगात भिनत नाही.

आईशी बोल आधी, ती काळजीत आहे. रविवारी दुपारी मी पट मांडून ठेवते. राजाच्या बाजूला माझी चार प्यादी, तुझी तीन, दोघींकडे एकेक हत्ती, पटावर बाकी काही नाही. नीट खेळलीस तर ही स्थिती बरोबरीत सुटते. तू तीनच्या बाजूने बस, आणि हत्ती मागे ओढायचा नाही.