गणित चुकतं ते वाचताना

जानेवारी उजाडला की नातेपुत्यातल्या चौथी-पाचवीच्या पालकांच्या तोंडी एकच प्रश्न असतो: परीक्षेची तयारी कशी करून घ्यायची? कुठल्या परीक्षेची, असं उलट विचारलं तर बऱ्याच जणांना नेमकं सांगता येत नाही. वार्षिक, संकलित, स्कॉलरशिप, नवोदय ही सगळी नावं एका दमात येतात आणि सगळ्यांची मिळून भीती त्या दहा वर्षांच्या पोरावर पडते. म्हणून आधी या परीक्षा वेगळ्या करून पाहू.

पहिली शाळेची वर्षअखेरची. प्रथम भाषा, गणित आणि इंग्रजी या विषयांच्या नियतकालिक मूल्यांकन चाचण्या पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेकडून येतात, प्रश्नपत्रिका राज्यभर सारखीच. २०२५ मध्ये तर वर्षअखेरच्या परीक्षेचं वेळापत्रकही राज्यभर एकच ठेवलं होतं, ८ ते २५ एप्रिल. मूल कुठे अडलंय हे शिक्षकांना कळावं, हा या चाचणीचा हेतू. चौथीपर्यंत तिच्या गुणांवरून कुणालाही मागे ठेवत नाहीत. पाचवी आणि आठवीचं मात्र डिसेंबर २०२३ च्या शासन निर्णयाने बदललं. तिथे प्रत्येक विषयात ३५ टक्के लागतात. कमी पडले तर जूनमध्ये पुनर्परीक्षा, आणि तीही जमली नाही तर त्याच वर्गात आणखी एक वर्ष. पाचवीच्या पालकांनी खरं लक्ष द्यायचं ते इथे. स्कॉलरशिपच्या नादात परिसर अभ्यासाचं पुस्तक उघडलंच नाही, असं घराघरात होतं.

दुसरी शिष्यवृत्ती परीक्षा. १९५४-५५ पासून चालत आलेली, आता महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते ती. आपल्यापैकी पुष्कळ जण ती चौथीला किंवा सातवीला बसले असतील. २०१६-१७ पासून ती पाचवी-आठवीला गेली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये शासनाने ती पुन्हा चौथी-सातवीला आणायचं ठरवलं. बदलाच्या या वर्षांत आपलं मूल कोणत्या इयत्तेत, कोणत्या महिन्यात बसणार हे शेजाऱ्याच्या मोबाईलवरच्या मेसेजवरून ठरवू नका, वर्गशिक्षकांना विचारा. पाचवीच्या परीक्षेची रचना अशी होती: दोन पेपर, प्रत्येकी ७५ प्रश्न, १५० गुण, दीड तास. पहिल्यात प्रथम भाषा आणि गणित, दुसऱ्यात इंग्रजी आणि बुद्धिमत्ता चाचणी. प्रत्येक पेपरात ४० टक्के, म्हणजे ६० गुण मिळाले की मूल ‘पात्र’ होतं. पण पात्र होणं आणि शिष्यवृत्ती मिळणं या दोन गोष्टी आहेत. शिष्यवृत्ती गुणवत्ता यादीतल्या ठरावीक संख्येलाच मिळते. ‘पास झाला पण पैसे आले नाहीत’ म्हणून मुलावर रागावणारे वडील असतात, त्यांनी हे एवढं समजून घ्यावं. रक्कमही माहीत असू द्या: २०२३ च्या वाढीनंतर पाचवीच्या मुलाला वर्षाला ५,००० रुपये. काही घरांत याच्या कितीतरी पट पैसे एका वर्षात क्लास आणि गाईडांवर जातात.

तिसरी नवोदयची निवड चाचणी. आपल्या जिल्ह्याचं जवाहर नवोदय विद्यालय मोहोळ तालुक्यात पोखरापूरला आहे. पाचवीत असताना एकदाच बसता येतं: ८० प्रश्न, १०० गुण, दोन तास. निम्मे गुण बुद्धिमत्तेला, उरलेले अंकगणित आणि भाषेला, आणि पेपर मराठीतून देता येतो. जागा ८० आणि त्यांतल्या किमान ७५ टक्के ग्रामीण भागातल्या मुलांसाठी. इथे एक गोष्ट आपल्या गावापुरती. नातेपुते आता नगरपंचायत आहे. मूल तिसरी, चौथी, पाचवी ज्या शाळेत शिकलं ती ग्रामीण धरली जाते की शहरी, हे अर्ज भरण्याआधी मुख्याध्यापकांकडून पक्कं करून घ्या. वाडी-वस्तीवरच्या शाळेतून नाव काढून ‘गावातल्या मोठ्या शाळेत’ घालण्याआधीही हा विचार करा.

परीक्षा तीन असल्या तरी तयारी तीन वेगळ्या नाहीत. तिन्हींत मुलं जिथे सर्वांत जास्त गुण घालवतात ती जागा एकच आहे, आणि ती गणिताची वाटत असली तरी गणिताची नाही. एक उदाहरण घ्या. ‘ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्यांत मिळून १८ टन ऊस आहे. एका ट्रॉलीत दुसरीपेक्षा २ टन जास्त आहे. कमी ऊस असलेल्या ट्रॉलीत किती टन?’ मुलं पटकन १६ लिहितात. वजाबाकी बरोबर आहे, पाढे पाठ आहेत, पण ‘मिळून’ आणि ‘दुसरीपेक्षा’ या दोन शब्दांवरून डोळे घसरून गेले. हाच मुलगा घरासमोर उभ्या ट्रॉल्यांकडे बघून नीट विचार करतो: जास्तीचे २ बाजूला काढले, १६ राहिले, ते दोघींत सारखे, म्हणून ८. त्याला गणित येतं. त्याला ते वाक्य थांबून वाचता येत नाही.

वेळेची उदाहरणंही अशीच. समजा एसटी नातेपुत्याहून १०.४५ ला निघाली आणि पंढरपूरला १२.३० ला पोहोचली, तर किती वेळ लागला? वहीत सर्रास १.८५ सापडतं, कारण हातचा घेताना तासाचे साठऐवजी शंभर धरले. मुलाला पुन्हा वजाबाक्या घालून देऊन उपयोग नाही. भिंतीवरच्या घड्याळासमोर उभं करा: पावणेअकरापासून पावणेबारापर्यंत एक तास, तिथून साडेबारापर्यंत पाऊण. पावणे-सव्वा-दीड ही आपल्या घरातली भाषा मुलांच्या कानावरून कमी होत चालली आहे, ती मुद्दाम वापरा. दिशांचे प्रश्न तर अंगणात सुटतात. पंढरपूरकडे तोंड करून उभं राहिलं की साधारण पूर्वेला बघतो, डाव्या हाताला नीरा नदी, म्हणजे उत्तर. मग उजवीकडे वळायला सांगा, मागे वळायला सांगा. दोन-चार दिवसांत कागदावरचा बाण त्याला परका वाटत नाही.

म्हणून घरात करायचं पहिलं काम: रोज वीस मिनिटं मोठ्याने वाचन. ‘असर’ या शिक्षणविषयक पाहणीत मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचायला देतात आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागायला सांगतात. हीच तपासणी आज संध्याकाळी घरी करता येईल. न वाचलेला एखादा धडा घ्या, वाचायला सांगा, मग पुस्तक मिटून विचारा, ‘काय झालं यात? तुझ्या शब्दांत सांग.’ पाचवीतलं मूल तिसरीच्या धड्यात अडखळत असेल तर घाबरू नका आणि लपवूही नका. तिसरीच्याच पुस्तकापासून सुरुवात करा. बालभारतीची जुनी पुस्तकं संकेतस्थळावर फुकट मिळतात. पुस्तकांवर जे क्यूआर कोड छापलेले असतात, त्यांचा वर्गात वापर सुरू करणाऱ्या शिक्षकांपैकी रणजितसिंह डिसले हे आपल्या शेजारच्या माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवत होते. त्यांना २०२० मध्ये ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. घरात एकच मोबाईल असला तरी तो वीस मिनिटं ही पुस्तकं वाचायला द्या.

‘आम्हालाच येत नाही, आम्ही काय शिकवणार?’ असं अनेक आया म्हणतात, विशेषतः दिवसभर शेतात राबून आलेल्या. शिकवायचं नाहीच. भाकरी थापताना ऐकायचं. मुलाने गणित मोठ्याने वाचावं, काय दिलंय आणि काय विचारलंय ते आईला समजावून सांगावं. तुम्हाला कळलं नाही तर ‘पुन्हा सांग’ म्हणा. तीनदा सांगताना त्याची चूक बहुधा त्याची त्यालाच सापडते. हे काम बंद दारामागे साठ मुलांना एकदम शिकवणाऱ्या क्लासमध्ये होत नाही. क्लास वाईट असतात असं मी म्हणत नाही, पण तिथे मुलाला बोलायला किती मिळतं, हे एकदा मागे बसून बघा. नसेल मिळत तर ते पैसे वाचवा.

सरावाच्या प्रश्नपत्रिका शेवटच्या दीड-दोन महिन्यांतच घ्याव्यात, आठवड्याला एक, आणि घड्याळ लावून. ७५ प्रश्नांना ९० मिनिटं म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद. अडलेला प्रश्न सोडून पुढे जायचं आणि शेवटी परत यायचं, ही सवय सांगून लागत नाही, करून लागते. शिष्यवृत्तीत आणि नवोदयमध्ये चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा राहू नये. उत्तरपत्रिकेतला गोल रंगवणं वेगळं शिकवावं लागतं. एक प्रश्न सोडला आणि पुढचं उत्तर त्याच्या ओळीत रंगवलं की तिथून खालचं सगळं सरकतं. दर पाच प्रश्नांनी क्रमांक जुळवून बघायला शिकवा. पेपर तपासून झाला की गुण बाजूला ठेवा आणि चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे एक शब्द लिहा: वाचलं नाही, येत नव्हतं, घाई झाली. महिन्याभरात तुमच्या मुलाचं नेमकं दुखणं समोर येतं.

एप्रिलमध्ये आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो आणि शाळा सकाळची असते. त्याच सुमाराला शिखर शिंगणापूरची चैत्री यात्रा, घरात पाहुणे, रात्री उशिरापर्यंत जाग. यात्रेला मुलाला जरूर न्या, पण पेपरच्या आदल्या रात्री त्याला नऊला झोपू द्या. पहाटे चारला उठवून उजळणी घेण्यात मला काही शहाणपण दिसत नाही. लहान मुलांची झोप पुरी व्हावी म्हणून २०२४ मध्ये शासनानेच चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं सांगितलं होतं. पोटभर न्याहारी, पाण्याची बाटली, दोन चालू पेनं, एवढं पुरे.

निकालानंतर चौकात फ्लेक्स लागतात. ज्यांच्या मुलांचे फोटो लागतात त्यांना आनंद होणं साहजिक आहे. पण त्याच चौकातून शाळेला जाणारी, दोन गुणांनी यादी हुकलेली पोरंही आपलीच आहेत. तुमच्या घरी तो फोटो दाखवून ‘बघ जरा त्याच्याकडे’ एवढं वाक्य म्हणू नका. दहाव्या वर्षी ऐकलेलं हे वाक्य मुलं मोठी झाल्यावरही शब्दशः सांगतात.

आणखी एक गोष्ट, कारण ती आपल्या ऊसपट्ट्यातच घडते. गाळप हंगाम संपून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या परतू लागतात ते नेमके परीक्षेच्या तोंडावर. कोपीवरची ही मुलं इथे अर्धं वर्ष काढतात आणि परीक्षा ना इथली देतात ना गावाकडची. त्यांच्यासाठी शिक्षण हमी पत्रकाची सोय आहे, ते घेऊन नजीकच्या शाळेत बसता येतं. तुमच्या रानात टोळी उतरली असेल तर मुकादमाला मुलांचं विचारा आणि वस्तीवरच्या शाळेच्या गुरुजींना कळवा.

१ मेला प्रगतिपुस्तक हातात पडलं की वर्गशिक्षकांना भेटा आणि श्रेणीऐवजी एवढंच विचारा: कोणती गोष्ट येत नाही? भागाकार अडत असेल तर मे महिना भागाकाराचा. पाचवीतल्या ज्यांना जूनची पुनर्परीक्षा आहे त्यांनी मामाच्या गावाला खुशाल जावं, फक्त त्या एका विषयाचं पुस्तक पिशवीत टाकावं आणि मामीने रोज अर्धा तास समोर बसवावं. मूल नापास झालं म्हणून त्याला शाळेतून काढता येत नाही, आठवीपर्यंत हा त्याचा कायद्याने मिळालेला हक्क आहे. चौथी-पाचवीची शिष्यवृत्ती हुकलेल्यांसाठी आठवीत एनएमएमएस ही शिष्यवृत्ती परीक्षा आहे: जिल्हा परिषद, नगरपालिका आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी, पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल तर, नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये. त्याला सातवीत ५५ टक्के लागतात, आणि अर्जाच्या वेळी उत्पन्नाचा दाखला. तो माळशिरसच्या तहसील कार्यालयातून आधीच काढून ठेवा, ऐन वेळी रांग मोठी असते.