उन्हाचा इशारा कोणापर्यंत पोहोचतो?

हवामानबदल म्हटले की वितळणारे हिमनग डोळ्यांसमोर येतात. परंतु मुंबई–नाशिक महामार्ग आणि घोडबंदर मार्ग जेथे मिळतात, त्या माजिवडा परिसरात तो प्रथम उन्हाच्या रूपाने घरात शिरतो. डांबर, काँक्रीट आणि पत्रे दिवसभर शोषलेली उष्णता रात्री उशिरापर्यंत बाहेर टाकतात. पत्र्याच्या छपराखाली राहणाऱ्या कुटुंबाला त्यामुळे रात्रीही विसावा मिळत नाही.

आपली उष्णता दमट आहे, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. घाम सुकतो तेव्हा शरीर थंड होते. हवेत आधीच बाष्प अधिक असेल तर घाम वाहतो, पण सुकत नाही. म्हणूनच भारतीय हवामान विभाग उष्णतेच्या लाटेसाठी मैदानी प्रदेशात किमान ४० अंश सेल्सिअस, तर किनारपट्टीवर ३७ अंश ही मर्यादा धरतो. शिवाय तापमान सरासरीपेक्षा किमान ४.५ अंशांनी अधिक असावे लागते. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे भर उन्हात झालेल्या कार्यक्रमानंतर उष्माघाताने १४ जणांचा मृत्यू झाला. त्या दिवशीचे तापमान ३८ अंशांच्या आसपास होते. विदर्भातील माणसाला हा आकडा सौम्य वाटेल. म्हणजेच केवळ आकडा सांगणे पुरेसे नाही.

धोरणाने काय साधते, याचे उदाहरण अहमदाबादचे आहे. मे २०१० मधील लाटेत तेथे सुमारे १,३०० जादा मृत्यू झाल्याचे अभ्यासातून पुढे आले. २०१३ मध्ये त्या शहराने उष्णता कृती आराखडा अमलात आणला. रंगांनुसार इशारे, रुग्णालयांची पूर्वतयारी, आरोग्य कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण आणि लोकजागृती ही त्याची अंगे होत. ठाणे महानगरपालिकेनेही २०२४ मध्ये असा आराखडा प्रसिद्ध केला.

मात्र आराखडा कागदावर असणे आणि इशारा नाक्यावरच्या मजुरापर्यंत जाणे, यांत मोठे अंतर आहे. ‘ऑरेंज अलर्ट’ हा शब्द ऐकून त्याने नेमके काय करावे? ज्याची चूल रोजच्या मजुरीवर पेटते, त्याला ‘घराबाहेर पडू नका’ असे सांगणे व्यर्थ आहे. ‘जड काम सकाळी उरका, बारा ते तीन सावलीत थांबा, तहान नसली तरी पाणी प्या’ हे वाक्य त्याच्या उपयोगी पडते. तेही मुकादमाने ऐकले आणि विश्रांतीची मजुरी कापली नाही, तरच! म्हणून इशारा काम करणाऱ्याइतकाच काम देणाऱ्यालाही उद्देशून असला पाहिजे.

येथे आपले कर्तव्य सुरू होते. आपले माजी विद्यार्थी शिक्षक, परिचारिका, अभियंते, ठेकेदार अशा विविध स्थानी असतील. प्रत्येकाने हवामान विभागाचा इशारा आपल्या वस्तीच्या भाषेत, करावयाच्या कृतीसह सांगावा. कोणी बरळू लागला, बेशुद्ध पडला, अंग अतिशय तापले, तर त्याला सावलीत न्यावे, अंग ओले करून वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये.

वसतिगृहातील मूल सुट्टीत घरी जाताना एवढे ज्ञान सोबत नेईल, तर उन्हात राबणाऱ्या त्याच्या आईवडिलांना त्या शिक्षणाचा लाभ त्याच दिवशी होईल.