वहीतील रिकामी ओळ

अलिबागच्या आसपास समुद्रकाठाने जी नारळी-पोफळीच्या बागांची गावे पसरलेली आहेत, त्या भागास अष्टागर म्हणतात. श्रावणात या भूमीची शोभा काही निराळीच असते. क्षणात सर येते, क्षणात ऊन पडते, आणि झावळ्यांवरून ओघळणारे थेंब मोत्यांसारखे चमकू लागतात. अशाच एका वाडीत दादाचे घर होते. दादाचे वय अवघे बारा वर्षांचे; पण धाकट्या बहिणीने त्याला ‘दादा’ म्हणावयास आरंभ केला, आणि पाहता पाहता आजी-आजोबांसह सारे घरच त्याला दादा म्हणू लागले.

या घरात प्रत्येकाला काही ना काही छंद होता. वडील दर शनिवारी भजनात पखवाज वाजवीत. आईने परसात पडवळ, दोडकी आणि भेंडी यांचा मळाच फुलविला होता. धाकटी बहीण किनाऱ्यावरून शिंपले गोळा करून आणी. आजीपाशी श्रावणातील कहाण्यांचे भांडार होते. आजोबा पावसाचे माप ठेवीत. त्यांनी अंगणातील उघड्या जागी पर्जन्यमापक बसविला होता. रोज सकाळी साडेआठच्या ठोक्याला ते मापाच्या नळीतील पाणी पाहत आणि जाड पुठ्ठ्याच्या वहीत आकडा लिहीत. आपल्या देशातील हवामानखातेही दिवसाचा पाऊस सकाळी साडेआठ वाजताच मोजते, हे ते अभिमानाने सांगत. “एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी,” हे त्यांचे वाक्य घरातील सर्वांना पाठ झाले होते.

दादाने मात्र अनेक छंद आरंभिले आणि अनेक सोडून दिले होते. पोस्टाच्या तिकिटांची वही चार पानांवर थांबली होती. बासरी खुंटीवर धूळ खात होती. म्हणून आजोबा त्याला प्रेमाने ‘आरंभशूर’ म्हणत. दादा हसत असे. पण तो शब्द त्याच्या मनाला बोचत असे.

एके दिवशी गुरुजींनी वर्गात सांगितले, “निसर्गातील कोणतीही एक गोष्ट सात दिवस रोज पाहा आणि रोज लिहा. जे दिसेल तेच लिहा. मोबाइलवर छायाचित्रे घेऊ नका. डोळ्यांनी पाहिलेले हातांनी लिहिण्यात मोठा लाभ आहे. पुढील सोमवारी काही वह्या मी वर्गात वाचून दाखवीन.” दादाने निश्चय केला, की या वेळी सातही ओळी भरावयाच्या. घरामागच्या विहिरीवर शिंदीचे एक झाड झुकलेले होते आणि त्याला सुगरणींची घरटी लोंबत होती. तीच त्याने निवडली.

सोमवारी सकाळी तो विहिरीच्या काठापासून दूर, पडवीच्या पायरीवर जाऊन बसला. झाडावर सहा घरटी होती. त्यांपैकी एक अर्धवट होते आणि उलट्या टांगलेल्या टोपीसारखे दिसत होते. पिवळ्याधमक डोक्याचा, काळपट चेहऱ्याचा एक पक्षी त्यावर राबत होता. “सुगरण पिवळी असून ती घरटे विणते,” असे त्याने वहीत लिहिले.

मंगळवारी त्याने अधिक बारकाईने पाहिले. पक्षी गवताच्या पात्याला बुडाशी चोचीने चीर पाडी, तिचे टोक चोचीत धरी आणि भुर्रकन उडे. त्यासरशी पात्याची लांब, सरळ फीत निघून येई. मग ती फीत पायाने दाबून धरून तो चोचीने तिचे टोक आत-बाहेर ओवी. दादाने हे आजोबांना सांगितले, तेव्हा ते म्हणाले, “विणणारा तो नर आहे, दादा. विणीच्या हंगामात नराचेच डोके असे पिवळे होते. मादी दिसावयास चिमणीसारखी असते.”

मग आजोबांनी त्याला डॉ. सालिम अली यांची हकीकत सांगितली. हे थोर पक्षिशास्त्रज्ञ १८९६ साली मुंबईत जन्मले. १९३० साली हातची नोकरी नसताना ते याच अष्टागरातील किहीम गावी येऊन राहिले. तेथे त्यांनी सुगरणींची वसाहत दिवसेंदिवस न्याहाळली. नर अर्धे घरटे बांधून मादीची वाट पाहतो. मादी आत शिरून ते पारखते आणि पसंत पडले तरच तेथे राहते. मग नर राहिलेले काम पुरे करतो आणि लगेच दुसऱ्या घरट्याला आरंभ करतो, असे त्यांना आढळून आले. लोक ज्या पक्ष्याला रोज पाहत होते, त्याचे खरे जीवन नेमाने केलेल्या नोंदींमुळे जगाला कळले.

“म्हणजे नाव सुगरणीचे आणि कष्ट गड्याचे!” आजी हसून म्हणाली. दादाने सोमवारच्या नोंदीखाली दुरुस्ती लिहिली. त्या रात्री शेजारच्या घरी मंगळागौर होती. आजी पावसात भिजत गेली आणि मध्यरात्रीपर्यंत फुगड्या पाहत, गाणी सांगत बसली.

बुधवारी नर चोचीतून ओल्या चिखलाचे गोळे आणून घरट्याच्या आतल्या बाजूस लावताना दिसला. आजी म्हणाली, “त्या चिखलात ती काजवे चिकटवते. रात्री घरात उजेड नको का?” दादाने संध्याकाळी अंधार पडेपर्यंत पाहिले, पण उजेडाचा ठिपकाही दिसला नाही. त्याने लिहिले, “चिखल पाहिला. काजवे पाहिले नाहीत.” हे वाक्य लिहिताना त्याला फार बरे वाटले.

गुरुवारी पहाटे आजीला सणकून ताप भरला. वडील कामानिमित्त परगावी होते. आजोबा धाकटीपाशी थांबले आणि आई व दादा आजीला रिक्षातून अलिबागच्या रुग्णालयात घेऊन गेले. रक्ताची तपासणी, औषधे, सलाइन यांत दिवस कसा गेला ते कळले नाही. दादा कधी औषधाची चिठ्ठी घेऊन धावे, तर कधी आजीचा हात धरून बसे. रात्री ताप उतरला आणि तिघे घरी परतली, तेव्हा बाहेर मुसळधार पाऊस कोसळत होता. अंथरुणावर पडल्यावर दादाला एकाएकी आठवले: आज घरटे पाहिलेच नव्हते!

शुक्रवारी घरात जिवतीची पूजा होती. आईने पुरणाचे दिवे करून दोन्ही मुलांना ओवाळले. आजीही उशाला टेकून कौतुकाने पाहत होती. परंतु दादाचे चित्त थाऱ्यावर नव्हते. आजीपाशी बसावयाचे म्हणून तो शाळेत गेला नव्हता. दुपारी त्याने पडवीतून पाहिले, तो घरट्याच्या खालून काही फिती लोंबताना दिसल्या. त्याने तर्क केला, की काल मादी येऊन गेली असावी आणि नराने खालची नळी विणावयास घेतली असावी. गुरुवारची ओळ रिकामी होती. ‘आरंभशूर’ हा शब्द कानांत घुमू लागला. त्याने इकडेतिकडे पाहिले आणि गुरुवारच्या ओळीत लिहून टाकले, “मादी आली. तिने घरटे पसंत केले.” शुक्रवारची ओळही त्याने भरली. मात्र बुधवारी लिहिताना वाटले होते तसे समाधान त्याला वाटले नाही.

शनिवारी सकाळी तो पायरीवर बसला आणि चकित झाला. नळीचा पत्ताच नव्हता! लोंबत होत्या त्या केवळ पावसाने सुटलेल्या फिती होत्या. इतक्यात चिमणीसारखा एक पक्षी घरट्यावर येऊन बसला. नर पंख फडफडवून कलकलाट करू लागला. मादी आत शिरली, तिने चोचीने इकडेतिकडे ओढून पाहिले, बाहेर आली, पुन्हा शिरली. ती दिवसभर तेथेच घुटमळत राहिली आणि सायंकाळी नराने खरोखरच नळीचा आरंभ केला. आठवड्यातील सर्वांत सुंदर घटना दादाच्या डोळ्यांसमोर घडली होती. पण ती लिहावी कशी? गुरुवारच्या खोट्या ओळीने शनिवारच्या खऱ्या ओळीची वाट अडवून धरली होती. एक असत्य राखण्यासाठी आता दुसरे लिहावे लागणार होते.

त्या रात्री वडील भजनाला गेले होते. दादा आजोबांच्या खोलीत गेला आणि पावसाच्या जुन्या वह्या चाळू लागला. पिवळ्या पडलेल्या एका पानावर आकड्यांच्या रांगेत मध्येच लिहिले होते, “नोंद नाही.”

“आजोबा, या दिवशी पाऊस नव्हता का?”

“पुष्कळ होता,” आजोबा म्हणाले. “पण त्या पहाटे तुझ्या वडिलांचा जन्म झाला. मी सुईणीला आणावयास गेलो होतो. परत आलो तो भांडे पालथे पडले होते. जे मोजले नाही, ते कसे लिहिणार?”

“अंदाजाने लिहिले असते तर?”

“तर मग इतर दिवसांचे आकडे तरी अंदाजाचे नाहीत, हे मला स्वतःला कसे पटले असते?”

दादा काही बोलला नाही. रविवारी सकाळी त्याने गुरुवारची ओळ एका सरळ रेघेने खोडली. शेजारी लिहिले, “नोंद नाही. आजी आजारी होती. आधी येथे मी न पाहिलेले लिहिले होते.” मग त्याने शनिवारची हकीकत मनसोक्त लिहिली, ती पुरे एक पान झाली. शेवटी रविवारची ओळ भरली: “नळी वीतभर झाली आहे.”

सोमवारी गुरुजींनी वह्या पाहिल्या. दादाच्या वहीतील त्या खोडलेल्या ओळीवर त्यांचे बोट बराच वेळ थांबले. दादाची मान खाली गेली. परंतु गुरुजींनी वही मिटली नाही. त्यांनी शनिवारचे पान उघडले आणि साऱ्या वर्गाला मोठ्याने वाचून दाखविले. वही परत देताना त्यांनी हळूच विचारले, “आता आजींची प्रकृती कशी आहे?”

“बरी आहे, गुरुजी,” दादा म्हणाला.

त्या दिवशी शाळेतून येताच तो पडवीच्या पायरीवर जाऊन बसला. सात दिवस संपले होते. तरीही त्याने वहीचे नवे पान उघडले.

स्वाध्याय

१. आजोबा दादाला ‘आरंभशूर’ का म्हणत? पाठाच्या शेवटी हा शब्द त्याला लागू पडतो काय? कारणे द्या.
२. सुगरण पक्षी घरटे कसे विणतो, ते आपल्या शब्दांत क्रमाने लिहा.
३. ‘गुरुवारच्या खोट्या ओळीने शनिवारच्या खऱ्या ओळीची वाट अडवून धरली होती’, या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
४. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : चित्त थाऱ्यावर नसणे, वाट अडवून धरणे, धूळ खात पडणे.
५. आपल्या घराजवळील एखादे झाड, पक्षी किंवा मुंग्यांचे वारूळ सात दिवस रोज पाहा व नोंदी ठेवा. ज्या दिवशी पाहिले नाही, त्या दिवशी ‘नोंद नाही’ असे लिहा.