कवीमागची माणसं

१. शेक्सपिअर आणि आमच्या अंबाजोगाईचे दासोपंत एकाच काळात लिहीत होते, हे ध्यानात आलं आणि माझी शिकवण्याची दिशाच बदलली. दासोपंत गेले १६१५ साली, शेक्सपिअर १६१६ साली. एकाचं नाव जगाच्या तोंडी आहे. दुसऱ्याचं मराठवाड्याबाहेर निघालं की सांगावं लागतं. हा फरक केवळ प्रतिभेचा असेल, हे मला पटेना. तेव्हापासून इंग्रजी कविता शिकवताना मी कवीइतकाच त्याच्या मागं उभ्या असलेल्या माणसांचा शोध घेत आलो.

२. शेक्सपिअर वाचला तो त्याच्या सोबत्यांमुळं. त्याच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी, १६२३ मध्ये, हेमिंग्ज आणि कॉन्डेल या त्याच्याच मंडळीतल्या दोन नटांनी ३६ नाटकं एका ग्रंथात छापून घेतली. त्यांतली १८ तोवर कुठंच छापलेली नव्हती. मॅकबेथ त्यांतलंच, ज्युलियस सीझरही. हे दोघं पंडित नव्हते. ज्याच्याबरोबर रोज काम केलं, त्याचे शब्द वाया जाऊ नयेत एवढी कळकळ त्यांना होती, आणि ती पुरली.

३. जुनी गीतं जमवणाऱ्या थॉमस पर्सीची हकीकत मला सगळ्यांत जास्त हलवून गेली. इंग्लंडातल्या शिफनल गावी एका स्नेह्याच्या घरी त्याला जमिनीवर, कपाटाखाली, धुळीत पडलेली एक जुनी हस्तलिखित वही दिसली. मोलकरणी तिची पानं फाडून विस्तव पेटवत होत्या. जुनी कथागीतं होती ती! पर्सीनं वही मागून घेतली आणि तिच्या आधारानं १७६५ मध्ये जुन्या गीतांचा मोठा संग्रह काढला. पुढं वर्ड्‌स्वर्थ आणि कोलरिज यांनी १७९८ मध्ये साध्या बोलीतली नवी कविता आणली, तिला या गीतांचं खतपाणी होतं. आपल्या केशवसुतांच्या पिढीनं जी इंग्रजी कविता वाचली, तिचं एक मूळ असं चुलीच्या तोंडातून वाचलेलं आहे. आमच्याकडं किती वाड्यांच्या माळ्यांवरची बाडं अशीच गेली असतील, हा विचार मला झोपू देत नाही.

४. कधी एकटा मित्रही पुरतो. इंग्रजी कवी हॉपकिन्स १८८९ मध्ये गेला. त्याच्या कवितांचं पुस्तक निघालं १९१८ मध्ये, त्याच्या मित्रानं, रॉबर्ट ब्रिजेसनं काढलं म्हणून.

५. तरीही नुसतं जपून भागत नाही; ओळ जिभेवर बसावी लागते. वर्ड्‌स्वर्थच्या डॅफोडिल फुलांवरच्या कवितेचंच घ्या. आमच्या मुलांनी ते फूल पाहिलेलं नाही. अर्थ सांगत बसलं की वर्ग पेंगतो. तीच कविता मोठ्यानं म्हणायला लावली की चार ठोक्यांची ती ओळ मागच्या बाकापर्यंत पोचते. वर्ड्‌स्वर्थ चालता चालता मोठ्यानं म्हणत कविता रचायचा, म्हणून ती पावलांच्या लयीत आहे. जात्याच्या फेऱ्यात ओवी घडली, तसंच हे. आणि इथंही मागं माणसं आहेतच. ती फुलं पाहिल्याची सविस्तर नोंद त्याची बहीण डोरोथी हिनं १८०२ च्या एप्रिलमध्ये रोजनिशीत केली होती, आणि कवितेतल्या दोन ओळी त्याच्या बायकोनं, मेरीनं सुचवल्या. पाठ्यपुस्तकात नाव एकट्याचं येतं. मी मात्र वर्गात तिघांचीही नावं घेतो.

६. दासोपंतांची पासोडी हे आमच्याकडचं जपणुकीचं मोठं उदाहरण. सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद जाडंभरडं कापड. त्यावर शाईनं लिहिलेल्या ओव्या आणि मधूनमधून काढलेल्या आकृत्या. विषय पंचीकरण, म्हणजे पाच महाभूतांतून ही सृष्टी कशी घडते त्याचा विचार. एवढा अवघड विषय एवढ्या लांबरुंद कापडावर मांडणारा कवी दुसऱ्या कुठल्या भाषेत असता, तर शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असता, असं माझं स्पष्ट मत आहे. वंशजांनी पिढ्यान्‌पिढ्या कापड सांभाळलं. ते लोकांच्या तोंडी पोचवण्याचं काम आपलं होतं. ते अजून व्हायचं आहे. ज्यांचा विवेकसिंधु मराठीतला आद्य ग्रंथ मानला जातो, त्या मुकुंदराजांची समाधीही अंबाजोगाईतच आहे. तिथं दर्शनाला माणसं येतात. विवेकसिंधु उघडणारी मात्र फार थोडी.

७. सगळे कवी पोथीत सापडत नाहीत. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या अभ्यासकांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून जास्त ओव्यांचा तो ठेवा आहे, आणि त्यात आमच्या माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्याही आहेत. पर्सीनं वही वाचवली. इथं आवाजच वाचवला. दळण गिरणीवर गेलं, जाती कोपऱ्यात गेली. ओव्या पाठ असलेल्या बायका आता थकल्या आहेत. तुमच्या घरात अशी आजी असेल तर या दिवाळीची वाट पाहू नका. तिच्याजवळ बसा, मोबाइलवर तिच्या ओव्या घ्या, आणि त्याखाली तिचं नाव व गाव लिहून ठेवा.